पुन्हाबघे ज्योत विझवतात

पुन्हाबघे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावर पितळी अक्षरांत होतं, पण वस्तीने त्यांचं नव्याने बारसं करून टाकलं आणि ते नाव इतकं चपखल बसलं, की पुढे पोस्टमनही त्याच नावाने हाक मारू लागला.

धंद्याने ते गॅस फिटर. ज्या वस्तादाच्या हाताखाली शिकले, त्याने पहिल्याच दिवशी मंत्र दिला होता: बंद केलेली चावी बंद आहे असं मानायचं नाही. ती जराशी उघडायची, पुन्हा बंद करायची, मगच पाठ फिरवायची. वस्ताद केव्हाच गेला, मंत्र मात्र पुन्हाबघ्यांच्या हाडीमाशी खिळला. कामावर ही सवय सोन्यासारखी होती. घरी तिने संसार जेरीस आणला. दाराला कुलूप लागायचं, दोघं जिना उतरायची आणि शेवटच्या पायरीवर पुन्हाबघे थबकायचे. "अगं, गॅस एकदा पुन्हा बघून येतो." गॅस बंदच असायचा. एवढ्या वर्षांत तो एकदाही उघडा सापडला नाही, पण माणसाचा स्वभाव पुराव्याने बदलत असता तर आणखी काय हवं होतं? मेव्हणीच्या लग्नाला ही दोघं पोचली तेव्हा हॉलवाले खुर्च्या रचत होते.

अशात दूरच्या गावी राहणाऱ्या लेकीला मुलगी झाली. तिकडे जाणारी बस आठवड्यातून एकदाच. दोनदा बॅगा भरल्या, दोनदा पुन्हाबघे पायरीवरून परतले आणि दोनदा बस गेली. नात आता बसायला लागली होती आणि आजोबा अजून जिन्यातच होते.

बायकोने शेवटी निर्वाणीचं सांगितलं. "या वेळी मागे फिरलात, तर मी एकटी जाईन. तिकडेच राहीन. नातीला सांगेन, बाळ, तुला आजोबा नाहीत, नुसती एक चावी आहे."

पुन्हाबघ्यांना हे फार लागलं. त्यांनी नातीचा फोटो फोनवर उघडला, तिच्या बोळक्या हसण्याकडे बघितलं आणि शपथ घेतली. नेमकी त्याच दिवशी कंपनीने त्यांना कामगिरी दिली.

शहरात तेव्हा मोठी आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा चालली होती. धावणारे, पोहणारे, कुस्ती खेळणारे, सगळ्या देशांचे. स्टेडियमवर उंच मनोरा आणि त्यावर भल्यामोठ्या कुंडात क्रीडाज्योत. समारोपाच्या वेळी ती ज्योत आपसूक मालवल्यासारखी दिसणार होती. आपसूक म्हणजे काय, तर मनोऱ्याच्या तळाशी एका कोंदट खोलीत पुन्हाबघे बसणार, कानातल्या हेडफोनवर दिग्दर्शिका "आता" म्हणणार आणि हे लाल दांड्याची चावी हळूहळू फिरवणार. खोलीला खिडकी नव्हती. साऱ्या जगाला जे दिसणार होतं, ते करणाऱ्याला तेवढं दिसणार नव्हतं.

आणि समारोप त्या बसच्याच दिवशी होता.

"स्टेडियमसमोरच तर स्थानक आहे," बायको म्हणाली. "मी बॅगा घेऊन तिथे थांबते. चावी फिरवायची आणि रस्ता ओलांडायचा. मधे काही नाही."

त्या दिवशी पुन्हाबघे पहाटेच कामावर गेले. दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, गॅस संपला वाटतं. शेगडी पेटतच नाही. सकाळपासून चहाचा घोट नाही मला."

"ऐन प्रवासाच्या दिवशीच संपतो बघ," पुन्हाबघे म्हणाले आणि घाईने फोन ठेवला.

बायकोला गुडघ्यांमुळे ओट्याखाली वाकता येत नव्हतं. सिलिंडर हे खातं नवऱ्याचं. तिने एजन्सीला फोन करून सिलिंडर अर्धाच भरता का, म्हणून झाडलं आणि कोरडा पाव खाऊन ती स्थानकावर निघाली.

समारोप रंगला. पहिल्या दिवशी देशवार रांगेत चालणारे खेळाडू आता एकमेकांच्या टोप्या घालून घोळक्याने आत शिरले. समितीचे अध्यक्ष माइकपाशी आले. "या खेळांची सांगता झाली, असं मी जाहीर करतो."

"आता," दिग्दर्शिका कुजबुजली.

पुन्हाबघ्यांनी चावी अशी फिरवली, की ज्योत उतरत उतरत शेवटी दिव्याएवढी झाली आणि दिसेनाशी झाली. स्टेडियम अंधारात बुडालं. मैदानात एक अगडबंब वजन उचलणारा गडी एका चिमुकल्या जिम्नॅस्टच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला.

खाली खोलीत पुन्हाबघ्यांनी कपाळाचा घाम पुसला. काम फत्ते झालं होतं. आणि त्यांना काही कळायच्या आत त्यांच्या हाताने वस्तादाचा मंत्र पाळला. चावी जराशी उघडली. वर कुंडाच्या काठाला पेटवणीची बारकी ज्योत अजून जिवंत होती. ती सगळ्यात शेवटी विझवायची होती.

भप्प!

"कोणी पेटवली?" हेडफोनमधून किंकाळी आली.

"मी. बंद आहे का बघत होतो."

"मग? आहे?"

"आता नाही."

पुन्हाबघ्यांची पाचावर धारण बसली. वर मात्र स्टेडियम अक्षरशः वेडं झालं होतं. लोक उभे राहून टाळ्या पिटत होते, तो वजन उचलणारा जिम्नॅस्टला डोक्यावर घेऊन नाचत होता आणि वादकांनी गोंधळून पहिल्या दिवसाची धून सुरू केली. स्थानकावरच्या टीव्हीत निवेदक गहिवरून सांगत होता, की ज्योत विझत नसते याचं हे केवढं हृद्य प्रतीक! बाकावर बसलेल्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "प्रतीक कसलं? आमचे हे आहेत ते." शेजारच्या बाईने आपली बॅग जरा पलीकडे सरकवली. हे सगळं पुन्हाबघ्यांना नंतर ऐकवण्यात आलं आणि अजूनही ऐकवलं जातं.

अध्यक्ष पुन्हा माइकपाशी आले. "तर, या खेळांची आता मात्र खरोखरच सांगता झाली."

पुन्हाबघ्यांनी चावी दुसऱ्यांदा बंद केली. "आता तिला बोट लावाल तर याद राखा!" दिग्दर्शिका म्हणाली. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि बारकी ज्योतही विझल्याचा निरोप येईपर्यंत तसेच बसून राहिले.

सुटका झाल्यावर हत्यारांची पिशवी खांद्याला लावून ते फाटकापर्यंत आले आणि पाय थबकले. समोर बसचे दिवे लागले होते. मागे तो मनोरा. त्यांनी खिशावर हात ठेवला, डोळे मिटले आणि मागे वळून न बघता रस्ता ओलांडला.

बायको एक पाय बसमध्ये, एक पाय जमिनीवर ठेवून ड्रायव्हरशी हुज्जत घालत होती. नवऱ्याला बघून तिला आधी रडू आलं, मग राग आला, मग बस सुटली.

शहर मागे पडलं. बायको वाट बघत होती. दर प्रवासात इथवर पुन्हाबघ्यांनी घरच्या गॅसबद्दल चारदा तरी विचारलेलं असायचं. आज ते मजेत बाहेर बघत होते.

"अहो, तुम्ही घरच्या गॅसचं विचारलं नाहीत."

"नाही."

"आणि फाटकावरून परतही फिरला नाहीत! मी बघत होते. नातीसाठी एवढं बदललात?"

आता गप्प राहणं हा शुद्ध लबाडपणा झाला असता. पुन्हाबघ्यांनी मान खाली घालून उजव्या खिशातून सिलिंडरचा रेग्युलेटर काढला.

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे दिवसभर मी चहावाचून... मी त्या एजन्सीवाल्याला नाही नाही ते बोलले!"

"पहाटेच काढून घेतला," ते पुटपुटले. मग, एवढं बाहेर आलंच आहे म्हणून, डाव्या खिशातून लाल दांडा काढला.

"हे काय?"

"क्रीडाज्योतीच्या चावीचा. पान्याने काढला. कुरिअरने पाठवतो ना! पुढचे खेळ दुसऱ्या देशात आहेत, इथे आता कोणाला लागतोय?"

बायकोने तोंडाला पदर लावला. ती रडते आहे असं वाटून पुन्हाबघे घाबरले, पण ती हसत होती. हसता हसता तिने पुढच्या सीटवर डोकं टेकलं. मग दोन्ही वस्तू तिने आपल्या पर्समध्ये नातीच्या टोपड्याशेजारी ठेवल्या आणि चेन लावली.

बस घाट चढू लागली. पुन्हाबघ्यांना पेंग येत होती. शेजारी चेन उघडल्याचा आवाज झाला.

"काय गं?"

"काही नाही," बायको म्हणाली. "आहेत ना, ते एकदा पुन्हा बघत होते."