साखळीतला माझा तास

तरुणपणी मी फार हुशार होते. म्हणजे मला तसं वाटायचं, आणि माझ्या घाईत इतरांना त्यावर मत द्यायला सवड मिळायची नाही. नाताळच्या करंज्या तळताना माझ्या डोक्यात ईस्टरची साफसफाई चाललेली असायची. रविवारी उपासनेत पाळकसाहेब उपदेशाचा पहिला मुद्दा सांगत असायचे, तोवर मी शेवटच्या गीताचं पान काढून, घरी गेल्यावर आधी तांबडा रस्सा फोडणीला टाकायचा की पांढरा, हे ठरवून मोकळी झालेली असायची. आशीर्वादाला डोळे मिटले की चपलांची जागा डोळ्यांपुढं यायची.

माझे सासरे एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांना मी मामा म्हणायची. ते पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायचे ती अशी: "ही आमची सून. विनाथांबा गाडी हाय. हितनं सुटली की डायरेक्ट सांगली. मधी कोण हात करतंय का, काय बघायची न्हाय."

पाहुणे हसायचे. मीही हसायची, पण तोंडानंच. डोक्यात तेव्हा पाहुण्यांना पोहे करावेत की उप्पीट, याचा निकाल लागत असायचा.

मामांच्या हृदयाच्या नळ्या तुंबल्यात आणि बायपास करावं लागेल, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती. म्हणजे अक्कल यायचं वय होऊन गेलं होतं. सासूबाई कधीच्याच प्रभूकडं गेल्या होत्या. मुलीची बारावीची परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळं नवरा वडिलांना घेऊन मिरजेला जाणार आणि मी घरी थांबणार असं ठरलं. ठरवलं अर्थात मीच.

निघायच्या सकाळी दारात गाडी उभी. मी पिशव्या चढवत होते. मामा पुढच्या सीटवर बसले, मी त्यांच्या गळ्याभोवती मफलर नीट गुंडाळला आणि दार लावलं. त्यांनी काच खाली केली, मला जवळ बोलावलं आणि काहीतरी म्हणाले. त्या वेळी मी मनात सोबतच्या माणसाला अंथरायची चादर घेतली का हे तपासत होते, आणि उद्यापासून दूधवाल्याला दूध कमी घालायला सांगावं का, हा विचार त्याच्या मागं रांगेत उभा होता.

"होय होय, मामा," मी म्हणाले.

ते माझ्याकडं बघून हसले. गाडी गेली. कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली, आणि मग माझ्या ध्यानात आलं की मामा काय म्हणाले ते मला ठाऊकच नाही. असेल काहीतरी, म्हटलं मी. मोटर बंद कर म्हणाले असतील, नाहीतर कुंड्यांना पाणी घाल. घरात आले आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, कोणावर असा प्रसंग आला की साखळी प्रार्थना धरतात. सकाळपासून एकेकानं देवळात येऊन एकेक तास प्रार्थनेला बसायचं. आपला तास झाला म्हणून उठायचं नाही. पुढचा माणूस शेजारी येऊन टेकला की मगच उठायचं, म्हणजे साखळी तुटत नाही. फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवून आत जायचं. मी दुपारचा तास मागून घेतला होता, कारण तोवर स्वयंपाक उरकतो. माझ्यानंतर मंडळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी येणार होत्या. लेकीकडं गडहिंग्लजला गेल्या होत्या, तिथून एसटीनं थेट देवळात उतरणार होत्या.

मी पहिल्या बाकावर बसले आणि प्रार्थनेला सुरुवात केली. डॉक्टरांसाठी केली, भूल देणाऱ्यांसाठी केली, नर्सांसाठी केली. मिरजेतली वीज जाऊ नये म्हणून केली. नवऱ्याला धीर दे म्हटलं, मुलीला पेपर सोपा जाऊ दे म्हटलं. आमेन म्हणून घड्याळाकडं बघितलं तर काटा जेमतेम हलला होता. देवाला सांगायचं सगळं सांगून झालं होतं आणि तास तर अख्खा पुढं पडला होता.

रिकामी बसले तर ती मी कसली. मनात आलं, उद्या काही कमीजास्त झालंच तर तयारी नको का. आणि गाडी सुटली.

मिरजेहून आणायला कुठली गाडी सांगायची ते ठरवलं. पेटी करणारा सुतार ठरवला. कब्रस्तानात सासूबाईंच्या शेजारची जागा आहे, पण तिथं काटेरी झुडूप वाढलंय, ते आधी तोडून घ्यायला हवं. शिरोळची आणि कुरुंदवाडची माणसं दुपारपर्यंत पोचतील, त्यांच्यासाठी मांडववाल्याकडून खुर्च्या आणि चहाचं मोठं पातेलं. गीतं कुठली घ्यायची तेही ठरलं. त्यातलं एक मामांना आवडायचं नाही, पण मंडळीला पाठ होतं, म्हणून घेतलं. तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला कोणाला बोलवायचं, मामांचा स्वेटर कोणाला द्यायचा, रेडिओ कोणाला. मग त्यांची खोली रिकामी झाली. ती मी मुलीला अभ्यासाला दिली. खिडकी मोठी असल्यामुळं पडदे लागणार होते. बराच विचार करून मोतिया रंग पक्का केला.

तिकडं मिरजेत डॉक्टर ज्या माणसाला वाचवायला धडपडत होते, त्याच माणसासाठी देवळात बसलेली मी त्याच्या खोलीचे पडदे शिवायला टाकत होते. वर चेहरा इतका भक्तीचा की मधेच डोकावून गेलेल्या पाळकीणबाई नंतर भगिनी मंडळात म्हणाल्या, अशी तल्लीन प्रार्थना त्यांनी फार दिवसांनी बघितली.

माझा तास संपला. मावशी आल्या नाहीत.

मी थोडं थांबले. मागं वळून दाराकडं बघितलं. साखर कारखान्यांचा हंगाम होता, रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते. एसटी कुठंतरी त्यांच्या मागं अडकली असणार. उठावं तर साखळी तुटते. आमच्यात शकुन-अपशकुन मानत नाहीत, हे मी दुसऱ्यांना छातीठोकपणे सांगायची. पण मामांची छाती उघडलेली असताना ते स्वतःला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मी बसून राहिले.

आणि पुढचं काही ठरवायचंच उरलं नव्हतं. पुरून झालं, जेवणं झाली, पडदे लागले. त्याच्यापलीकडं माझी गाडी कधी गेली नव्हती. जन्मात पहिल्यांदा माझ्या मनाला जायला जागा नव्हती, तेव्हा ते नाइलाजानं परत आलं आणि माझ्याशेजारी बाकावर बसलं.

मग मला ती गाडीची काच दिसली. काचेवर टेकलेली मामांची बोटं, जन्मभर ग्रीस लागून नखांच्या कडांना राहिलेला काळेपणा, मी गुंडाळलेला मफलर, मिशीखाली हललेले ओठ. सगळं लख्ख दिसत होतं. आवाज मात्र नव्हता. काय म्हणाले ते? मोटरचं म्हणाले नसतील. मोटरचं सांगायला माणूस जवळ बोलावत नाही, नुसता ओरडतो, आणि मामांचा आवाज तर तीन घरं ऐकायची. हृदयाच्या ऑपरेशनला जाणारा माणूस काच खाली करून सुनेला जवळ बोलावतो, काहीतरी सांगतो, आणि सून होय होय म्हणते. ते आता परत आलेच नाहीत, तर ते माझ्याशी शेवटचं काय बोलले हे मला कधीच कळणार नव्हतं. त्यांच्याकडं माझा होकार होता आणि तो कशाला दिला ते मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात टोपलीत फोन वाजला. माझाच.

वाजून थांबला, परत वाजला. दार माझ्या पाठीमागं होतं, दहा पावलांवर असेल. या वेळी मिरजेहूनच असणार. माझे पाय बाकाखाली उठायला लागले होते. मी दोन्ही हातांनी बाक धरला. ही काही माझी श्रद्धा नव्हती, कोणी तसं लिहून ठेवू नये. उठले तर जे कळेल ते ऐकायचं भय, आणि न उठले तर न कळण्याचं भय. दोन्हींच्या मधे एक बाक तेवढा होता, तो मी धरला.

आणि प्रार्थना केली. तोवर केल्या त्या याद्या होत्या, हे मला तेव्हा कळलं. आता फक्त एवढंच म्हणाले, प्रभू, त्यांना ते परत एकदा म्हणू दे. मी ऐकीन.

याच्यापुढं काही सुचेना, आणि गंमत म्हणजे काही सुचायला हवं असंही वाटेना. फोन थांबला. पंख्याचं एक पातं कुरकुरत होतं. बाकाची कडा माझ्या मांडीला रुतून दुखत होती. वेदीवरच्या पांढऱ्या कापडाला एका कोपऱ्यात कोणीतरी बारीक रफू केलं होतं, इतकं सुरेख, आणि मी बावीस वर्षं त्याच्यासमोर बसून ते कधी बघितलं नव्हतं. इतकी वर्षं मी प्रभूला पुढच्या आठवड्यात भेटायला बोलवत होते. तो बिचारा दर रविवारी इथं येऊन बसत असणार, आणि मी सांगलीला. त्या दिवशी आम्ही दोघं एकाच ठिकाणी होतो. भय गेलं नव्हतं, पण मी एकटी नव्हते. हे मी आजही ठामपणे सांगते आणि कोणी वाद घातला तर घालू देते.

किती वेळ गेला ते बघितलं नाही. मागून चपला काढल्याचा आवाज आला आणि मावशी धापा टाकत शेजारी टेकल्या. त्यांच्या हातात माझा फोन होता.

"ह्यो कवापास्नं बोंबलतोय बघ दारात," त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडं बघून, "रडालीस व्हय? म्हातारं गेलं काय?"

"माहीत नाही."

"म्हायती न्हाय आन आधीच रडून घेतलीस? ऊठ, मी बसते. फोन लाव जा."

बाहेर येऊन नवऱ्याला फोन लावला.

"किती वेळ करतोय," तो म्हणाला. "त्या थर्मासचं झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं गं? कालपासनं उघडंना."

"मामा कसे आहेत?"

"आत हायत अजून. चालू हाय. झाकणाचं सांग."

मी झाकणाचं सांगितलं. आधी दाबायचं, मग फिरवायचं. मग देवळाच्या पायरीवर बसले आणि इतकी हसले की रस्त्यावरचा ऊसवाला ट्रॅक्टर हळू करून बघायला लागला.

संध्याकाळी निरोप आला, ऑपरेशन नीट झालं. आणि काही दिवसांनी मामा घरी आले, निम्मे होऊन. छातीशी एक उशी धरलेली. खोकला आला किंवा हसू आलं की ती घट्ट आवळायची, म्हणजे टाके ओढत नाहीत, असं डॉक्टरांनी शिकवलं होतं.

दुपारी मी त्यांच्या खाटेशेजारी बसले. नुसतीच. त्यांनी माझ्या हातांकडं बघितलं. भाजी नव्हती, सुई नव्हती.

"काय झालंय?" ते म्हणाले. "गाडी बंद पडली काय?"

मी सगळं सांगितलं. सुतार, झुडूप, नावडतं गीत, स्वेटर. खोली मुलीला दिली तेही सांगितलं. मामांनी उशी आवळून धरली.

"पडदं कुठल्या रंगाचं?"

"मोतिया."

"मग लाव की. मी हाय तवर मी बघतो, फुडं ती बघंल."

हसून झाल्यावर मी म्हणाले, "मामा, जायच्या दिवशी गाडीत बसल्यावर तुम्ही मला काहीतरी म्हणालात. काय म्हणालात?"

"आन तू व्हय व्हय म्हणलीस की."

"मी ऐकलं नव्हतं."

त्यांनी नजर खिडकीकडं वळवली. मला वाटलं, दुखावले. पण ते आठवत होते, ओठांवर बोट ठेवून.

"मी इचारलं, पोरी, तुला भ्या वाटतंय का," मामा म्हणाले. "समदी मला सांगत हुती, इस्वास ठेवा, काय सुदीक व्हत न्हाय. पाळकसाब तसंच, माझा ल्योक तसाच. मला एकल्यालाच भ्या वाटतंय का काय, म्हणून इचारलं. तू व्हय व्हय म्हणलीस. मला लई बरं वाटलं बघ. म्हणलं, चला, कोणतरी जोडीला हाय. त्या व्हयच्या जोरावर मी टेबलावर जाऊन पडलो."

बाहेर मुलगी मोठ्यानं पाठांतर करत होती.

"आन आता म्हणतीस, ऐकलंच न्हवतं." उशी परत आवळली गेली, पण डोळे माझ्यावरच होते. "बरं. आता ऐकलंस न्हवं? मग आता सांग. वाटलं हुतं का?"

'होय होय' ओठांवर आलंच होतं. ते मी गिळलं. मामांच्या बोटांकडं बघितलं, ती उशीवर थरथरत होती. त्यांना अजूनही वाटत होतं. मी त्या हातावर हात ठेवला आणि प्रश्न पुन्हा एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मनात ऐकला.

"वाटलं होतं, मामा," मी म्हणाले. "आत्ताही वाटतंय थोडं."

"मलाबी," मामा म्हणाले. मग आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.