सीटखालचं इंजिन आणि पर्समधला पाना

माझं लग्न ठरताना बाबांनी नवऱ्या मुलाला एकच प्रश्न विचारला होता. "चार सिलिंडरच्या इंजिनात पहिल्यानंतर कोणतं पेटते?" आमच्या ह्यांनी मान खाली घालून सांगितलं, "मी पोस्टात आहे." तरीही बाबांनी होकार दिला, कारण आई त्यांच्याकडे रोखून पाहत होती.

बाबांचं आयुष्य हिंदी मुलखात, रांझीच्या लष्करी फॅक्टरीत इंजिनं तपासण्यात गेलं. ती लष्कराच्या मोठ्या ट्रकांची इंजिनं. लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालत्या इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निदान सांगायचं. घरीही तेच चालायचं. मला खोकला झाला की बाबा आधी लांबून ऐकायचे आणि मगच आईला म्हणायचे, "डॉक्टरकडं ने, वरचा आवाज नाही, खोलचा आहे." मी त्यांची एकुलती एक मुलगी. बाहुल्या मला फारशा मिळाल्या नाहीत, पाने मात्र सगळ्या मापांचे मिळाले. सासरी जातानाही पर्समध्ये कुंकवाच्या डबीशेजारी दहा-अकराचा पाना होता. (सासूबाईंना तो चमच्याचा प्रकार वाटला. मी वाटू दिला.)

तर बाबांच्या रिटायरमेंटच्या वर्षी माझ्या माहेरच्या गल्लीत बातमी आली की बाजारात नवा छोटा ट्रक येतोय आणि त्यात अगदी नव्या जातीचं हलकं डिझेल इंजिन आहे. वजनाला कमी, प्यायला कमी, ओढायला जबर. झालं! रांझीतल्या चहाच्या टपरीवर दुसरा विषयच उरला नाही. नागपूरहून आलेल्या एका पाहुण्याने ते इंजिन "लांबून ऐकलं" होतं. त्या बिचाऱ्याला तीन रविवार लागोपाठ टपरीवर बसवून, तोंडाने तो आवाज काढायला लावला. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "आता जरा पिकअप देऊन दाखव." चौथ्या रविवारी पाहुणा नागपूरला परत गेला होता, ठरल्यापेक्षा आठ दिवस आधी.

त्या ट्रकचं बुकिंग केलं होतं प्रमोदने. प्रमोद माझा चुलतभाऊ. दहा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून आता स्वतःची घेत होता, तीही बाबांच्या भरवशावर. बाबांनी शोरूमचा माहितीचा कागद देवघराच्या भिंतीला चिकटवला आणि रोज संध्याकाळी पीसीओवर जाऊन शोरूमला फोन लावायला सुरुवात केली. रोज एकच माणूस विचारतोय असं वाटू नये म्हणून ते आवाज बदलायचे. कधी शर्माजी व्हायचे, कधी कुठल्याशा कंपनीचे मॅनेजर. एका संध्याकाळी पलीकडून पोरगा शांतपणे म्हणाला, "बाबूजी, गाड़ी अभी नहीं आई है. और आज आपका गला बैठा हुआ है, अदरक की चाय पी लीजिए."

या सगळ्या आनंदात एकच खडा होता, शेजारचे दुबेजी. ते बाबांबरोबरच फॅक्टरीत होते आणि आता स्वतःचा जुना, अवाढव्य ट्रक चालवत होते. त्या ट्रकला स्टार्टर म्हणून जे काही होतं ते नुसतं शोभेला होतं. दुबेजी गाडी कायम उतारावर, तोंड खाली करून लावायचे आणि ढकलून चालू करायचे. नव्या इंजिनाबद्दल त्यांचं एकच मत होतं. "भाऊसाहब, वो इंजन नहीं है, सिलाई मशीन है. उससे ब्लाउज सिलवाइए."

बाबा खवळायचे. "दुबेजी, आमचं सगळं घर ह्याच गाडीतून नेईन. तिलवाऱ्याचा चढ चढून. तुम्ही पाहाच!"

बाबांना फॅक्टरीचं क्वार्टर सोडायचं होतं. नवं घर नर्मदेपलीकडे, नागपूर रस्त्यावर, म्हणजे शहर ओलांडा, तिलवाऱ्याचा पूल ओलांडा आणि मग चढ. त्याच महिन्यात गल्लीतली आणखी चार घरं क्वार्टर सोडणार होती. या चौघांनी ठरवलं की आधी बाबांचं सामान कसं जातं ते पाहायचं. प्रमोदची गाडी चढ चढली तर सामान प्रमोदकडे, नाही तर दुबेजींकडे. म्हणजे प्रमोदचा धंदा चालणार की पहिल्याच दिवशी बसणार, हे त्या चढावर ठरणार होतं. प्रमोदचं जेवण कमी झालं. बाबांचं बोलणं वाढलं.

अखेर गाडी आली. घर हलवायला मदत म्हणून मी आणि आमचे हे तेव्हा माहेरीच होतो. सगळी गल्ली बाहेर. इंजिन सीटखाली होतं, ड्रायव्हरशेजारची सीट उचलली की दिसायचं. बाबांनी पेचकस लावला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. आईने घाबरून विचारलं, "काहून, काय झालं?"

"काही नाही," बाबा डोळे मिटूनच म्हणाले. "गाऊन राहिलं वं ते."

मीही ऐकलं. आणि खरं सांगते, मला माझ्या लग्नातल्या सनईपेक्षा ते चांगलं वाटलं. (हे ह्यांना अजून माहीत नाही.)

रविवारी सकाळी सामान भरलं. लोखंडी कपाट, दोन दिवाण, पिंप, कुंड्या, आईची शिलाई मशीन आणि बाबांनी तीस वर्षं जमवलेलं, आईच्या भाषेत "भंगार". चाकांखाली लिंबं ठेवली. प्रमोद स्टिअरिंगवर, दाराशी आई, मध्ये मी. बाबा आणि आमचे हे मागे सामानावर. आम्ही निघालो आणि पाहतो तो काय, मागून दुबेजींचा रिकामा ट्रक धडधडत येतोय आणि मागच्या हौद्यात केबिनला धरून ते चौघे परीक्षक उभे! दुबेजींनी खिडकीतून हात काढून दाखवला. हातात जाडजूड दोर होता.

"खींचने के लिए ले आया हूँ," ते ओरडले. "सिलाई मशीन का क्या भरोसा!"

प्रमोदने आरशात तो दोर पाहिला. "दीदी, चढेल ना?"

"चढेल म्हणजे काय!" मी म्हणाले. पण मनात कुठेतरी धाकधूक होतीच. आणि इथे माझी अक्कल जागी झाली.

डिझेलच्या नळीत हवेचा एक बुडबुडा शिरला तरी इंजिन खोकून बंद पडतं. म्हणून फॅक्टरीत प्रत्येक चाचणीआधी बाबा पंपावरचा एक छोटा नट सैल करून हवा बाहेर काढायचे आणि नट आवळायचे. आमच्या घरात हे शास्त्र होतं. इतर घरांत शुभकार्याआधी सुपारी ठेवतात, आमच्याकडे हवा काढतात. आणि आज एवढी मोठी परीक्षा असून कोणी हवाच काढली नव्हती! नव्या, बंद, ठणठणीत इंजिनात हवा येणार कुठून, हा प्रश्न शहाण्या माणसाला पडतो. मला पडला नाही.

पुलाच्या अलीकडे प्रमोदने गाडी थांबवली. नर्मदा ओलांडायच्या आधी खाली उतरून हात जोडायचे, ही आमच्याकडची रीत. सगळे उतरले, नदीकडे तोंड करून उभे राहिले. मी मागे राहिले. सीट उचलली. पर्समधून पाना काढला. नट सैल केला. डिझेल आलं, हवा काही आली नाही. "वा, शुद्ध आहे," असं मी स्वतःलाच म्हणाले आणि नट आवळायला घेणार, तेवढ्यात ह्यांची हाक आली. "सुनंदा! नारळ कुठंय?"

नारळ पर्समध्ये. मी नट बोटांनी फिरवला, पान्याने नंतर आवळू म्हटलं, सीट खाली टाकली आणि नारळ घेऊन पळाले. नारळ फुटला, "नर्मदे हर" झालं, प्रसादाचा तुकडा तोंडात आला, आणि त्या तुकड्याबरोबर तो नट मी पार विसरून गेले.

पूल झोकात पार झाला. चढ सुरू झाला. प्रमोदने गिअर टाकला, इंजिनाने मनावर घेतलं, मागून बाबांचा आवाज आला, "असंच! असंच!" अर्धा चढ गेला. मी आईचा हात दाबला. आणि नेमकं तेव्हा सीटखालून मला एक उचकी जाणवली. मग दुसरी. मग दोन मोठे खोकले, आणि शांतता. इंजिन दगावलं तेव्हा त्याच्यावर मीच बसले होते.

चाकांना दगड लावले. मागे दुबेजींचा ट्रक थांबला. दुबेजी उतरले ते हसतच. एवढा आनंद त्यांना मुलाच्या नोकरीचाही झाला नसेल. "देखा? धागा टूट गया!" चौघे परीक्षक खाली उतरले, एकमेकांकडे पाहू लागले, आणि त्यातला एक हळूच म्हणाला, "दुबेजी, अगला इतवार खाली है क्या आपका?"

प्रमोद स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसला होता. त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

बाबा सामानावरून उतरले. सीट उचलली, पंपावर बोट फिरवलं, ओलं बोट नाकाशी नेलं. मग उभे राहिले आणि म्हणाले, "इंजनात खोट नाही. नट सैल आहे. कोणीतरी हात लावला."

"कंपनी ने ही ढीला भेजा होगा," दुबेजी म्हणाले. "नया माल ऐसा ही आता है." चौघांनी माना डोलावल्या.

माझ्यापुढे सरळ रस्ता होता. गप्प बसायचं. दोष इंजिनाच्या माथी, आपण मोकळ्या. पण मग प्रमोदची चारही गिऱ्हाइकं गेली, बाबांचा शब्द गेला, आणि त्या गाणाऱ्या इंजिनावर जन्मभराचा डाग. तेवढ्यात आई माझ्या पदराकडे पाहत असल्याचं लक्षात आलं. पिवळ्या पदरावर डिझेलची पाच बोटं स्पष्ट उमटली होती. तिने तो डाग आत जाईल अशी पदराची नुसती घडी घातली. ती माझं लपवायला निघाली होती, आणि तेच मला सोसवेना.

"नट मी सैल केला," मी म्हणाले. "हवा काढत होते."

चौघांच्या डोलणाऱ्या माना जागीच थांबल्या. शेवटी आमच्या ह्यांनी विचारलं, "कोणाची?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ऐकवणार. ते म्हणाले, "पाना आण." मी दिला. त्यांनी मला तसाच परत केला. "तूच कर. हातपंप मार, बुडबुडे जाऊ दे, मग आवळ. अन् या वेळी पूर्ण आवळ, पोरी."

मी पदर खोचला. चौघे परीक्षक, दुबेजी, दोन थांबलेले टेम्पोवाले, सगळ्यांसमोर डिझेल पुढे ढकलणारा इंजिनावरचा छोटा हातपंप मारला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. नट आवळला. प्रमोदने चावी फिरवली. पहिल्याच फेऱ्यात इंजिन बोललं! सगळं घर पाठीवर, भर चढावर उभी गाडी, आणि ती अशी निघाली की आईच्या कुंड्यासुद्धा हलल्या नाहीत. माथ्यावर पोचून प्रमोदने जो हॉर्न वाजवला, तो नदीपलीकडच्या घाटावर नक्की ऐकू गेला असेल.

आम्ही मागे वळून पाहिलं. दुबेजींचा ट्रक तिथेच उभा.

आमची फजिती पाहायच्या घाईत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडी चढावर, तोंड वर करून लावली होती, आणि बंदही केली होती. आता ढकलायची कुठे? मागे घसरवावी तर खाली वाहनांची रांग आणि पूल. दुबेजी स्टार्टर मारत होते, स्टार्टर नुसता कण्हत होता.

बाबांनी प्रमोदच्या खांद्यावर हात ठेवला. "मागं घे."

गाडी मागे आली. दोर तर दुबेजींनीच आणलेला होता, तोही जाडजूड! बाबांनी स्वतः गाठ मारली. चौघे परीक्षक मागून ढकलायला लागले, आमचे हेही लागले. प्रमोदने पहिला गिअर टाकला. आमचं कपाट, दिवाण, पिंप, भंगार आणि वर दुबेजींचा तो अवाढव्य ट्रक, असं सगळं घेऊन ते छोटं इंजिन वीस-पंचवीस पावलं इंच इंच करत ओढत गेलं, आणि मोठ्या ट्रकने एकदम धूर सोडून डोळे उघडले. चौघांनी टाळ्या वाजवल्या. बाबा रडत होते, पण त्यांनी तो धुराचा परिणाम असल्याचं सांगितलं.

आईने खिडकीतून डोकं काढलं. "दुबेभैया, सिलाई मशीन तो मेरी पीछे रखी है. ये जो खींच रहा था ना, ये इंजन है." दुबेजी खिलाडू माणूस. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि नव्या घरी येऊन कपाटही उचलू लागले.

त्या महिन्यात चारही घरांचं सामान प्रमोदनेच नेलं. चौघांनी एकच अट घातली, ती म्हणजे दीदी सोबत नको. मी ती अट मोठ्या मनाने मान्य केली. पुढे प्रमोदच्या आणखी दोन गाड्या झाल्या, पण ती पहिली त्याने कधी विकली नाही. इतर ट्रकांवर मालकाचं नाव असतं, देवाचं असतं, मुलाबाळांचं असतं. प्रमोदच्या गाडीवर बाहेर काहीच नाही. पण सीट उचलली की आतल्या पत्र्यावर, पंपाच्या बरोबर वर, पेंटरकडून लाल रंगात सुबक लिहून घेतलेलं आहे: "सुनंदा दीदी, कृपया हात लगाना मना है."

सगळ्या गाडीवर नाव म्हणाल तर माझ्या एकटीचंच आहे.