न्हाणीत बोटभर पाणी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार माझ्या मोठ्या मामांचे. ते गवंडी. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली विटा वाहायचो. "आता पुस्तकं वाहा," म्हणून त्यांनीच मला सिव्हिल इंजिनिअरिंगला घातलं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

आठवडाभर मी नोएडातल्या ऑफिसात नकाशे काढायचो. शनिवार-रविवार दिल्लीत आर. के. पुरममधल्या भाड्याच्या खोलीत बसून दुसरं काम करायचो: गुरुग्राममधल्या एका तपासनिसासाठी लांबून घरं तपासायची. नव्या सोसायट्या इतक्या उभ्या राहत होत्या की त्यांना सगळीकडे जाणं जमत नसे. घर घेणारा माणूस फोनचा कॅमेरा धरून रिकाम्या फ्लॅटमधून फिरायचा. मी कॉम्प्युटरवर बघायचो, विचारायचो, अहवाल लिहायचो. एका घराला वीस मिनिटं ठरलेली.

त्या शनिवारी फोन धरला होता गुरुग्राममध्ये घर घेणाऱ्या, मूळच्या साताऱ्याकडच्या एका निवृत्त सुभेदारांनी. दुपारी त्यांना ताब्याच्या कागदावर सही करायची होती. एकदा सही झाली की घरातले सगळे दोष त्यांच्याच गळ्यात.

भिंती बऱ्या होत्या. न्हाणीत आल्यावर मी म्हणालो, "साहेब, पाणी जायची जाळी ओल्या फडक्यानं घट्ट बंद करा आणि बोटभर पाणी भरून ठेवा."

"किती वेळ?"

"तासभर तरी. माझे मामा पाणी भरून भाकरी खायला बसायचे. मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचे."

"मामा हुशार दिसतात. माझ्याकडे भाकरी नाही, बिस्किटं आहेत."

त्यांच्या शेजारी उभा असलेला बिल्डरचा इंजिनिअर हसला. "अरे यार, घर लेने आए हो या स्विमिंग पूल?"

"बेटा, तीस साल पहरा दिया है," सुभेदार म्हणाले. "एक घंटा क्या है." आणि रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्यावर बसले.

चाळीस मिनिटांनी त्यांना राहवेना. खालचा फ्लॅटही रिकामाच होता. तिथे जाऊन त्यांनी फोन छताकडे धरला. पाइपाच्या कडेला थेंब जमला आणि पडला. सुभेदारांनी हात पुढे केला. दुसरा थेंब तळहातावर घेतला आणि तो हात मला दाखवला.

पाचच मिनिटांत माझ्या मोबाइलवर तपासनिसांचा फोन आला. बिल्डरच्या ऑफिसातून त्यांना कळलं होतं.

"मामूली सीलन लिख दो. पूरे टॉवर का काम है अपने पास." सीलन म्हणजे नुसती ओल.

"सर, पानी टपक रहा है."

"तुमने छुआ है? स्क्रीन पे ही देखा ना?"

"सुभेदारसाहब के हाथ पे गिरा है. मैं वही लिखूँगा."

"तो कल से मत बैठना."

"ठीक है सर. आज का लिखके उठूँगा."

छायाचित्रांसह अहवाल लिहिला. खाली माझं नाव घातलं. तपासनिसांना आणि सुभेदारांना एकाच वेळी पाठवून दिला, म्हणजे मधे कोणाला शब्द बदलता येऊ नये.

मामांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. म्हणून पत्र लिहिलं:

ती. मामांस साष्टांग नमस्कार.

शनिवारी तुमच्या पद्धतीनं पाणी भरून ठेवलं होतं. ते खाली आलं. सुभेदारांनी सही केली नाही. 'पाइपाची जागा फोडून पुन्हा भरा, मग मी पुन्हा तासभर बसेन,' असं त्यांनी इंजिनिअरला सांगितलं. माझं शनिवार-रविवारचं काम गेलं. वाईट वाटून घेऊ नका, मला वाटलेलं नाही. पुन्हा वेळ आली तरी तेच लिहीन. ही तपासणी आमच्या पुस्तकातही होती. पण समोरचा घाई करत असताना बसून कसं राहायचं, ते तुमच्याकडूनच शिकलो. दुरुस्ती झाली की सुभेदारांनी मला जातीनं बोलावलं आहे. त्या इंजिनिअरसमोर पुन्हा पाणी भरू. मी मेट्रोनं जाईन आणि या वेळी भाकरी बांधून नेईन.

तुमचा भाचा