आडनावातला ऱ्ह

खामगावच्या एका दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. डोकं माझं तापट. मशीन अडलं की मी आधी समोरच्या माणसावर खेकसतो.

त्या दुपारी सुलतानपूरची एक बाई आली. दिवस भरलेले, सिझर ठरलेलं. "मांगच्या खेपेले इथंच मले एक इंजेक्शन देल्लं, अन् आंग सुजलं, दम कोंडला. तवाच्या डाक्टरीन बाईनं लिहून ठेवलं होतं," ती सांगत होती. इंजेक्शनचं नाव तिला आठवेना. आताच्या डॉक्टर मॅडम नव्या. त्या म्हणाल्या, "पटकन शोधा. नाही सापडलं तर मला नेहमीचंच द्यावं लागेल."

मी आडनाव टाकलं. रेकॉर्ड नाही. पुन्हा टाकलं. नाहीच!

"ताई, तुम्ही दुसऱ्या दवाखान्यात गेल्या असाल," मी चढ्या आवाजात म्हणालो.

"काऊन भाऊ? आपुन बाळंत कुठं झालो, हे बाई इसरते काय?"

कप्पाळ माझं! पुन्हा कीबोर्डकडे वळलो. आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर आणि गाव टाकून शोधलं, तर ही बाई तिथं हजर! तेच नाव, तेच आडनाव. मग मघाशी का नाही आली? मी टाकलेलं आणि रेकॉर्डमधलं, दोन्ही आडनावं एकाखाली एक ठेवून डोळे फाडून पाहिलं. काडीचा फरक नाही. शेवटी मशीनलाच अक्षरं मोजायला लावली. रेकॉर्डमधल्या आडनावात एक जास्त निघालं.

तिच्या आडनावात ऱ्ह होता, आपल्या 'तऱ्हा'मधला. तो मशीनमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, आणि त्यातल्या एकीत र आणि ह जोडायला मध्ये एक खूण बसते. ती पडद्यावर दिसत नाही, कागदावर छापून येत नाही, पण असते. जुन्या कीबोर्डनं ती घातली होती, माझ्या नव्यानं नाही. बापरे! अंगावर सर्रकन काटा आला. जन्मभर मराठी वाचतोय मी, आणि माझ्याच अक्षराच्या पोटात असं काही दडलेलं असतं याचा मला पत्ता नव्हता. क्षणभर हात जोडावेसे वाटले, खरंच.

रेकॉर्ड उघडलं. इंजेक्शनचं नाव होतं. मी ते मोठ्यानं वाचलं.

बाईला एव्हाना स्ट्रेचरवर घेतलं होतं. मॅडमनी शेजारी उभ्या सिस्टरच्या हातातल्या ट्रेकडे पाहिलं. सिरिंजमध्ये तेच भरलेलं होतं. त्यांनी ट्रे परत पाठवला.

स्ट्रेचरवरून बाईनं मान वळवली. "सापडली का मी, भाऊ?"

"सापडल्या, ताई," मी म्हणालो.