व्हिजिटच्या दिवशी मी काय पाहिलं

चहाचा ट्रे माझ्या हातात आला तेव्हा माझ्या अंगात कॉलेजचा खाकी एप्रन होता. पायात सेफ्टी शूज. मैत्रिणीच्या भावाचे, दोन नंबर मोठे, पुढे चिंधी कोंबून घातलेले. खिशात वही, पेन आणि लिहून आणलेले अकरा प्रश्न. सगळे मशीनबद्दलचे. ते विचारायचे म्हणूनच मी आले होते.

"अरे, ही तर आपल्या कमलची पोरगी!" धाकटे मालक म्हणाले. "मग ही कसली पाहुणी? घरचीच की. चल, दे बरं सगळ्यांना चहा."

सगळे हसले. वाईट हेतूनं नाही हसले, असं एक मैत्रीण मला नंतर समजावत होती. तिच्या हातात ट्रे नव्हता.

मी सोलापुरात इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मेकॅनिकल. दरवर्षी आमची एक इंडस्ट्रियल व्हिजिट असते. पुस्तकात वाचलेलं प्रत्यक्ष बघायचं, काम करणाऱ्यांशी बोलायचं आणि मग रिपोर्ट लिहायचा. रिपोर्टवर सरांची सही झाली तरच परीक्षेचा फॉर्म भरता येतो. यंदाची व्हिजिट होती एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात. त्याच कारखान्यात माझी आई चौदा वर्षं टॉवेलच्या कडा शिवते.

कॉलेजात मी हे लपवलं नव्हतं. सांगितलंही नव्हतं. कुणी कधी विचारलंच नाही.

व्हिजिट ठरल्यापासून आईचे पाय जमिनीवर नव्हते. खात्यातल्या झाडून सगळ्या बायकांना तिनं सांगितलं. धाकट्या मालकांनाही तिनंच सांगितलं, "माजी लेक येनार हाय, इंजनेर लोकांसंगं." त्यांनी ते बरोबर लक्षात ठेवलं. त्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून कामावर गेली. कडा शिवायला.

मालकांनी तिला मुद्दाम खात्यातून हॉलमध्ये बोलावून घेतलं होतं. केसांत कापसाची लव, हात साडीला पुसत ती दाराशी उभी. मालक तिशीचे असतील. आई पन्नाशीला टेकलेली. ते तिला 'कमल' म्हणतात.

"बघा," ते वर्गाला म्हणाले, "हिचा आजा सांगोल्याकडं मेंढरं राखायचा. आई आमच्याकडं. आणि ही इंजिनियर होणार. याला म्हणायचं प्रगती!"

सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मी ट्रे धरून उभी आणि टाळ्या माझ्यासाठी. मी आईकडे बघितलं. वाटलं, ही तरी काही बोलेल.

"घे की गं," आई हळूच म्हणाली. "मालक म्हंत्यात न्हवं."

मी चहा वाटला. हे लिहिताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि तो राग मालकांपेक्षा जास्त माझ्यावर असतो. त्रेचाळीस जणांच्या वर्गात पहिली येणारी मुलगी, आणि हात आपोआप पुढं झाले. बेंचवर माझ्या शेजारी बसणारा मुलगा कप घेताना माझ्याकडे बघेना. सर म्हणाले, "माझा बिनसाखरेचा." मी आत जाऊन बिनसाखरेचा आणला.

चहा झाला. मुलं हेल्मेटं चढवून मशीन बघायला निघाली, पहिली तुकडी आत गेली, दुसरी अजून खुर्च्यांवर होती. आम्ही नऊ मुली. आमच्यासाठी एसी ऑफिसात स्लाइड शो होता. "सेफ्टीचा प्रश्न असतो," सर म्हणाले. हे नवीन नव्हतं. गेल्या वर्षी अकलूजच्या बाजूला साखर कारखाना बघायला गेलो तेव्हाही मुलांनी बॉयलर बघितला आणि आम्ही गेस्ट हाउसात पोहे खाल्ले. नंतर मी एका मुलाच्या वहीतून बॉयलरचा रिपोर्ट उतरवून काढला. मला त्यात पैकीच्या पैकी मार्क पडले. तेव्हा मी खूश झाले होते.

मी मुलींच्या मागं निघाले, तर मालक म्हणाले, "तू थांब गं. हे कप तेवढे गोळा कर, मग जा."

मी थांबले. टेबलावर, खिडकीत, खुर्च्यांखाली कप होते. काहींत बिस्किटाचे तुकडे भिजलेले.

"मी कप उचलणार नाही," मी म्हणाले. "मी व्हिजिटला आलेय. मला मशीन बघायचंय."

   मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते आईकडे वळले.

"कमल, पोरीला शिकवलंस. वळण लावायचं तेवढं राहिलं बघ."

 आईनं ठेवणीतल्या साडीचा पदर खोचला आणि खाली वाकली. माझ्या वर्गातल्या मुलांचे उष्टे कप एकात एक घालत राहिली. एका मुलानं पाय बाजूला घेतले, तिला खुर्चीखाली हात घालता यावा म्हणून.

धावत जाऊन तिच्या हातातले कप घ्यावेत असं मला झालं. नाही घेतले. लोक म्हणतात, आईला मदत करायला कसली लाज? मदत नव्हती ती. मी वाकले असते तर मालकांना दोघी मिळाल्या असत्या.

मी सरळ मशीनच्या हॉलकडे गेले. दारात सुपरवायझर आडवा आला.

"लेडीज अलाउड नाही आत."

दाराला काच होती. आत वर्गातली मुलं मागांपाशी उभी राहून सेल्फी काढत होती. त्यांच्या पलीकडे शिलाई खातं. पंचवीस-तीस बायका माना खाली घालून टॉवेल शिवत होत्या. त्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, पायात स्लिपर होत्या. थोड्या वेळानं आई आली, माझ्या बाजूनं त्याच दारातून आत गेली आणि आपल्या शिलाई मशीनवर जाऊन बसली. तिला कुणी अडवलं नाही. सेफ्टीचा प्रश्न आला नाही.

निघताना गेटवर बॅनर धरून फोटो काढला. मुलींना पुढच्या रांगेत बोलावलं. मी बसमध्ये जाऊन बसले.

घरी आल्यावर आईनं मला मारलं. विसाव्या वर्षी मी आईचा मार खाल्ला. "माज्या पोटावर पाय दिलास तू," ती म्हणाली. "चवदा वरसं मान खाली घालून काडली, ती काय उगं?"

"कुणी घालायला लावली?" मी विचारलं. तिनं आणखी एक लगावली आणि मग भिंतीला टेकून रडत बसली. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही.

चार दिवसांनी रिपोर्ट द्यायचा होता. आमच्याकडं रिपोर्ट कसे लिहितात ते सांगते. सिनियर मुलांची जुनी फाइल ग्रुपवर येते आणि सगळे ती हातानं उतरवून काढतात. सुवाच्य अक्षरात, समास सोडून. या कारखान्याच्या फायलीत धोट्याचे, म्हणजे जुने शटलचे, माग होते, आकृतीसकट. ते माग तीन वर्षांपूर्वी भंगारात गेले. आईनंच सांगितलं होतं, ट्रक भरून गेल्यावर बायकांनीच ती जागा झाडून काढली. तरी बेचाळीस रिपोर्टांत लिहिलं होतं, 'आम्ही धोट्याचे माग प्रत्यक्ष चालताना पाहिले.' सरांनी बेचाळीसही रिपोर्टांवर सही केली. व्हिजिटला ते स्वतः आले होते. त्यांनीही काय पाहिलं असेल ते यावरून कळतं.

त्रेचाळिसावा रिपोर्ट माझा. 'निरीक्षण' या मथळ्याखाली मी लिहिलं: 'मला यंत्रे दाखवण्यात आली नाहीत. मला चहा वाटायला लावला. नऊ विद्यार्थिनींना आत जाऊ दिले नाही. आत बायका काम करत होत्या.' 'निष्कर्ष' खाली लिहिलं: 'माझी भेट झालेली नाही.'

सरांनी वाचला. "हे काय नाटक आहे?"

"खरं लिहिलंय, सर."

"रिपोर्टमध्ये खरं-खोटं नसतं. फॉरमॅट असतो."

मग ते जरा मऊ झाले. म्हणाले, मालकांना दोन ओळींचं माफीपत्र दे, रिपोर्ट नवा लिही, मी लगेच सही करतो. "पुढच्या बॅचचा विचार कर. ते परत व्हिजिट देणार नाहीत." कसली व्हिजिट, सर? हे मी तोंडावर विचारलं नाही याचंच मला वाईट वाटतं.

आईला शिलाईवरून उठवलंय. आता ती गेटजवळच्या शेडमध्ये चिंध्या निवडते. का उठवलं, ते कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. परवा ती माझ्याजवळ येऊन बसली. मारलं त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"लिही की गं दोन ओळी," ती म्हणाली. "तुजं काय जातंय? मी तर आंगठा उटवून आयुष्य काडलं. तुला तर लिवाया येतंय."

"लिहिता येतंय म्हणूनच नाही लिहिणार, आई."

ती उठून गेली. तिला पटलेलं नाही. तिला पटेपर्यंत थांबायला माझ्याकडे वेळ नाही. फॉर्मची मुदत शनिवारी संपते.

मी एक अर्ज लिहिला आणि बाकीच्या आठ मुलींकडे त्यावर सही मागितली. एकीनंही केली नाही. मला त्यांचा राग नाही, असं म्हणायला हवं. खोटं कशाला बोलू, आहे.

म्हणून अर्ज एकटीच्या सहीनं दिला. प्राचार्यांच्या नावानं. विद्यार्थिनींना कारखान्याच्या आत का नेलं जात नाही, आणि खरा रिपोर्ट लिहिला म्हणून त्यावरची सही का अडवली, या दोन्हीचं उत्तर कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी द्या. क्लार्कनं अर्ज उलटसुलट करून बघितला.

"असं लेखी कुणी देत नसतं बाई. साहेबांना भेट, तोंडी मिटवून टाक."

तोंडी मला आजवर पुष्कळ मिळालंय. अर्जाच्या प्रतीवर आवक नंबर पडेपर्यंत मी त्या खिडकीसमोरून हलले नाही. उद्या सकाळी ऑफिस उघडलं की परत जाणार आहे. परवाही. वर्ष वाया गेलं तर जाऊ दे. ते कुणी घालवलं, हे त्यांच्याच हातानं कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.