न वाचलेली ओळ

ग्रीसमधल्या लिक्सुरी गावच्या शाळेत रुबिनीबाईंनी एकतीस वर्षं शोकनाटकं शिकवली. दर सप्टेंबरात फळ्यावर त्याच तीन गोष्टी: नायकाची चूक, पारडं फिरणं, ओळख पटणं. गावातला पाववाला आणि पोस्टातली बाई, दोघंही त्यांचेच विद्यार्थी. रस्त्यात भेटले की "बाई, अजून पाठ आहे हं!" म्हणून घडाघडा म्हणून दाखवायचे.

चुकीबद्दल बाईंचा एक हट्ट होता. "हामार्तिया म्हणजे पाप नव्हे गं," त्या मुलींना दटावायच्या. "नेम चुकणं. शहाणा माणूस घाईत अर्धंच बघतो आणि बाण सोडतो. म्हणून सांगते, उतारा आधी अख्खा वाचा, मग पेन उचला."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! सख्ख्या भावाशी, पानायीसशी, त्या अकरा वर्षं बोलल्या नव्हत्या. आई गेली त्या सकाळी बाई परीक्षेच्या वर्गावर होत्या आणि फोन पिशवीत होता. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेनंतर सगळे नातलग कॉफी पीत बसलेले असताना पानायीस म्हणाला, "आई मरत होती, आणि ही लोकांच्या पोरांच्या कॉप्या पकडत होती." बाईंनी कप खाली ठेवला आणि उठल्या. तो दिवस आणि आजचा दिवस. मध मात्र त्या दुकानातून त्याच्याच पोळ्यांचा आणायच्या, बरणीवरचा शिक्का बघून.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी शाळेसमोरच्या खांबावर मृत्यूचा नवा कागद चिकटवलेला होता. काळी चौकट, वर क्रूस, मधोमध ठळक अक्षरं: पानायीस कुरुक्लिस, वय त्रेसष्ट. अंत्यविधी आज चार वाजता.

बाईंनी कागदावर हात टेकला, गोंद अजून ओला होता. डोळे सरळ तळाशी गेले, शोकाकुल नातलगांत बहीण शोधायला. बहीण नव्हतीच. 'आणि इतर आप्त', एवढंच.

"मला इतरांत टाकलं!" त्या भर रस्त्यात ओरडल्या.

त्या शाळेत गेल्याच नाहीत. घरी कोट न काढता स्वयंपाकघरात बसल्या आणि टेबलावरच्या मधाच्या बरणीशी भांडल्या. "इतकी कसली घाई होती रे तुला? मी येणारच होते. ईस्टरला येणार होते." हे खोटं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता.

चार वाजता त्या चर्चशी पोचल्या. दाराबाहेर शवपेटीचं झाकण भिंतीला उभं टेकवलेलं होतं. त्याच्या शेजारी, दंडाला काळी पट्टी बांधून, पानायीस उभा होता.

एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं सगळं एकदम बाईंच्या अंगावर आलं.

"आलीस?" तो म्हणाला.

"देवा, तुझे उपकार!" बाई किंचाळल्या. "देवा, तुझे किती उपकार!"

आतली सगळी डोकी वळली.

प्रत्येक घरातल्या थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, ही रीतच. त्यामुळे कुरुक्लिसांत एकाच वयाचे पानायीस दोन, एक मधाचा आणि दुसरा त्यांचा चुलतभाऊ, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. बोलताना गाव कधी चुकलं नाही, पण मृत्यूच्या कागदावर टोपणनाव कोण छापतं? पेटीत इंजिनाचा पानायीस होता. एकुलता एक, त्याला बहीण कुठून येणार? आणि त्याच्या बायकोचं नाव, द्यामांतिना, यादीच्या पहिल्याच ओळीत होतं. बाईंनी ती ओळ वाचलीच नव्हती.

"कागद मीच छापायला दिला होता," पानायीस पुटपुटला. "तू तरी वरून वाचशील ना गं!"

एवढ्यात द्यामांतिना पेटीशेजारच्या खुर्चीवरून उठून दाराशी आली. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वहिनी, मी... मला वाटलं..."

"कळलं मला काय वाटलं ते," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "तुझा आहे. माझा गेला. आता आत ये, आणि माझ्यासाठी रड."

रुबिनीबाई आत गेल्या आणि रडल्या. पण चुलतभावासाठी रडताना सख्ख्या भावाची बाही त्यांनी दफन होईपर्यंत सोडली नाही.