लुबोवाचा आवाज

न्येंदो गावच्या बाजारामागे जो पत्र्याचा व्हिडिओ हॉल आहे, तिथे माणसं सिनेमा बघायला कमी आणि लुबोवाला ऐकायला जास्त जात. पडद्यावरचे लोक इंग्रजीत बोलोत, चिनीत बोलोत, खाली मायक्रोफोन धरून बसलेला लुबोवा त्यांना सरळ आपल्या लुगांडा भाषेत बोलायला लावी. गोरा पोलीस इथल्या मसाका शहरातल्या शिव्या हासडायचा, खलनायक केळी महागल्याची कुरकुर करायचा. इंग्रजी लुबोवाला जेमतेम येत असे, पण त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की बाकांवरची पोरं हॉल डोक्यावर घेत.

त्याची गाजलेली जागा एकाच सिनेमातली. नायक बायकोच्या कानाखाली वाजवतो. मग तो तिच्यापुढे गुडघे टेकून बराच वेळ रडतो, माफी मागतो, आणि पुढचा सिनेमा खरं तर त्या पस्ताव्याचाच आहे. पण रडणं सुरू झालं की पोरं भाजलेली कणसं खायला बाहेर पळायची. गिऱ्हाईक उठून गेलेलं कुणाला परवडतं? लुबोवाने एक दिवस त्या रडण्यावरच आवाज चढवला, "अरे गाढवांनो, रडत नाहीये तो! डोळ्यात धूळ गेलीय त्याच्या! ऐका काय म्हणतोय, या घरात आवाज एकाचाच!"

हॉल दणाणला. मग ते वाक्य तो प्रत्येक सिनेमात कुठे ना कुठे घुसडू लागला. भाड्याची मोटारसायकल चालवणारे बोडावाले, खाटीक, शाळा बुडवणारी पोरं, सगळ्यांच्या ते तोंडी बसलं. पुढच्या बाकावरचा कासुले तर त्याची इतकी हुबेहूब नक्कल करायचा, की लुबोवा हसून मायक्रोफोन त्याच्यापुढे धरायचा. पुढे याच कासुलेने लुबोवाच्या मुलीला, नाबुकेराला मागणी घातली तेव्हा बापाने आढेवेढे घेतले नाहीत. पोरगा कष्टाळू, मोटारसायकल स्वतःची, वर सासऱ्याचा भक्त. आणखी काय हवं होतं?

वर्ष सरायच्या आत नाबुकेराने नवऱ्याचं घर सोडलं आणि ती आत्याकडे जाऊन राहिली. लुबोवाला त्यात वावगं वाटलं नाही. लग्नाआधी मुलीला संसार शिकवते ती आत्या, मग रडगाणंही आधी तिलाच सांगणार. दोन-चार दिवसांत येईल घरी, असं तो म्हणत राहिला. ती आली नाही. शेवटी तोच तणतणत निघाला.

"कुठंय पोरगी? त्या कासुल्याच्या तंगड्याच मोडतो!" बहिणीच्या अंगणात पाय ठेवताच तो गरजला.

थोरली बहीण नान्तेझा शेंगदाणे कुटत होती. "हळू बोल रे," ती म्हणाली. "आतच आहे ती."

"मग ऐकू दे की! बाप आलाय म्हणावं!"

दाराच्या पडद्याआडून नाबुकेरा बोलली. "बाबा, तो मारायचा ना, तेव्हा स्वतःच्या आवाजात नाही बोलायचा. तुमच्या आवाजात बोलायचा. तेच वाक्य. मी रडायला लागले की म्हणायचा, रडत नाहीयेस तू, डोळ्यात धूळ गेलीय तुझ्या. दिवे गेलेले असले तर मला कळायचंच नाही बाबा, कोण मारतंय ते."

 लुबोवा तसाच माघारी फिरला.

त्याच आठवड्यात त्याने हॉलमध्ये तो जुना सिनेमा लावला. थप्पड झाली, नायक गुडघ्यांवर आला, आणि लुबोवा या वेळी खरं ते बोलला, "चुकलो गं मी. रडतोय तो, पोरांनो. खरंच रडतोय." पोरांनी शिट्ट्या मारल्या. मग सगळ्या बाकांवरून एका सुरात त्याचंच वाक्य आलं, त्याच्याच ढंगात, अगदी दुधाचे दात न पडलेल्यांच्या तोंडूनसुद्धा. लुबोवाने मायक्रोफोन खाली ठेवला. आता तिथे दुसरा बसतो, आणि तो म्हणे लुबोवापेक्षा झकास गरजतो.

लुबोवा सायकली दुरुस्त करू लागला. घरात त्याला करमेना. लग्नाआधी नाबुकेरा चुलीपाशी एकटीच गुणगुणायची, संध्याकाळी "बाबा, दिवस कसा गेला?" म्हणून विचारायची. तेव्हा तो नुसतं हूं म्हणून मोकळा व्हायचा, आणि आता त्या एका प्रश्नासाठी त्याचा जीव तुटत होता. दर रविवारी तो बहिणीकडे जाई, फणसाखाली चटईवर बसे, केळी सोलून देई आणि तोंडातून ब्र न काढता परत येई. नान्तेझा कधी म्हणे, "मुका झालास की काय?" तो नुसती मान हलवी. पडद्यापलीकडे पोरीची हालचाल कळली, की तेवढ्यावर त्याचा आठवडा निघे.

एका रविवारी नाबुकेरा स्वतःच बाहेर आली. फार वाळली होती. केळीच्या पानात वाफवलेला कच्च्या केळ्यांचा माटोके आणि शेंगदाण्याचं कालवण तिने बापापुढे ठेवलं आणि ती समोर बसली. लुबोवाला इतकं भरून आलं की त्याचं भान सुटलं. "जेवलीस का गं बाळा?" तो म्हणाला. अगदी हळू, मायेनेच म्हणाला.

नाबुकेराचा हात झटकन वर गेला आणि मार चुकवावा तसा तिने चेहरा झाकला.

तिचं तिलाही ते जरा उशिराच उमगलं. हात खाली घेत ती ओशाळं हसली. "नाही हो बाबा, तसं काही नाही," ती म्हणाली. "तुम्ही जेवा ना."

लुबोवाने ओठ घट्ट मिटून मान डोलावली. ताट संपलं की पोरगी उठून आत जाणार होती, म्हणून तो एकेक घास घोळवत, थंडगार झालेलं ते अन्न अंधार पडेपर्यंत जेवत राहिला.